डेटा क्लाउडवर हलवण्याआधी

सॅनवरचा, म्हणजे ऑफिसच्या सर्व्हर्सना जोडलेल्या सामायिक स्टोरेजवरचा, डेटा क्लाउडवर न्यायचं काम तुझ्याकडे आलंय, तर लगेच कॉपी करायला घेऊ नकोस. आधी मोजून घे: किती टेराबाइट, किती फाइल्स आणि वर्षभरात कुणी हातही न लावलेला भाग किती.

मग लाइनचं गणित. १०० टेराबाइट डेटाला १ जीबीपीएसची (सेकंदाला एक गिगाबिट) लाइन पूर्ण मोकळी असली तरी सव्वानऊ दिवस लागतात, आणि ऑफिसच्या वेळेत ती मोकळी नसतेच. म्हणून आधी मोठी कॉपी, नंतर फक्त बदललेल्या फाइल्स, आणि सुट्टीच्या रात्री कटओव्हर, म्हणजे सगळ्यांना जुन्या स्टोरेजवरून नव्यावर वळवणं.

स्वस्त म्हणून जुनं सगळं थेट ॲमेझॉनच्या ग्लेशियर डीप आर्काइव्हमध्ये (क्वचित लागणाऱ्या डेटासाठीच्या स्वस्त साठ्यात) टाकायचा मोह होईल. जपून! तिथून फाइल परत यायला १२ तास लागू शकतात, आणि १८० दिवसांच्या आत डिलीट केली तरी उरलेल्या दिवसांचे पैसे द्यावेच लागतात. शिवाय दर फाइलमागे सुमारे ४० केबी जास्तीचे धरले जातात, त्यामुळे लाखो बारीक फाइल्स असतील तर आधी टार करून एकत्र बांध. ऑडिटवाल्यांना विचार, कागद मागितला तर किती वेळात द्यावा लागतो? उत्तर ‘लगेच’ असेल तर तो डेटा तिथे नकोच.

एस३मध्ये (ॲमेझॉनच्या क्लाउड स्टोरेजमध्ये) डिस्क गेली तरी डेटा वाचतो, पण आपल्याच माणसाने चुकून चालवलेल्या डिलीटपासून नाही. व्हर्जनिंग, म्हणजे फाइलच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवणारी सोय, पहिल्याच दिवशी चालू कर. जुनं स्टोरेज बंद करण्याआधी चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळव, आणि अकाउंट्सचं एखादं फोल्डर खरोखर रिस्टोअर करून त्यांनाच उघडून बघायला लाव.