टोल्युइनचे ड्रम भरताना 'विडी पेटवू नको' एवढं पाळलं की पुरतं का?

प्रश्न असा आहे: 'लोटे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात दोन आठवड्यांपूर्वी हेल्पर म्हणून लागलो. टाकीतून टोल्युइन ड्रममध्ये भरायचं आणि ते ड्रम प्लांटवर द्यायचं काम आहे. जुनी माणसं म्हणतात, पेट्रोलासारखंच असतं, विडी पेटवू नको म्हणजे झालं. आणि आपल्याकडे हवा दमट, स्टॅटिक-बिटिक काही होत नाही. खरं काय?'

विडीचं खरं आहे. बाकीच्या दोन्ही गोष्टी चूक आहेत, आणि दमट हवेचं तर मीसुद्धा कितीतरी वर्षं खरं मानत होतो.

महाड आणि लोटे मिळून माझी सत्तावीस वर्षं प्लांटवर गेली. ऑपरेटर म्हणून लागलो, शिफ्ट इनचार्ज होऊन बाहेर पडलो. आता गावी कलमं सांभाळतो. त्यामुळे हे पुस्तकातलं कमी आणि हाताखालून गेलेलं जास्त आहे.

टोल्युइन म्हणजे दुसरे पदार्थ विरघळवायला वापरतात ते पातळ, पेटणारं रसायन. आधी 'पेट्रोलासारखं' बघू. जळतो तो द्रव नव्हे, त्याची वाफ. हवेत टोल्युइनची वाफ साधारण १.२ टक्के ते ७ टक्के असेल तेव्हाच ती पेट घेते. त्याहून कमी असेल तर जळायला पुरेसं काही नाही, जास्त असेल तर हवा अपुरी. पेट्रोल इतकं उडून जाणारं असतं, की बंद डब्यात त्याची वाफ या वरच्या मर्यादेच्याही पलीकडे जाते. डब्याच्या आत ती सहसा पेटत नाही, तोंडाशी पेटते. टोल्युइनचं तसं नाही. २५ अंशांना बंद ड्रमच्या मोकळ्या जागेत त्याची वाफ पावणेचार टक्क्यांच्या आसपास असते, ३० अंशांना पावणेपाच. म्हणजे बरोबर मधोमध. ही वाफ पेटायच्या हद्दीबाहेर जायला पारा ४ अंशांच्या खाली तरी उतरायला हवा, नाहीतर सदतीस-अडतीसच्या वर तरी चढायला हवा. वैशाखातल्या काही दुपारी सोडल्या, तर आपल्याकडे असं कधी होतं? कोकणची हवा जशी काही टोल्युइनचं माप घेऊनच शिवली आहे. म्हणून टाकीवर आणि रिअ‍ॅक्टरवर नायट्रोजनची चादर धरतात, म्हणजे आत हवाच उरू नये. तो व्हॉल्व्ह कुणी 'गॅस वाया जातो' म्हणून बंद ठेवत असेल, तर तिथे तुम्ही उभे राहू नका.

ही वाफ हवेच्या तिप्पट जड असते. सांडलेल्या टोल्युइनची वाफ वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटत गटारात उतरते आणि गटाराच्या वाटेने दूर जाते. तिकडे कुठे वेल्डिंग चालू असेल, तर आग त्याच वाटेने उलटी तुमच्यापर्यंत येते. गटारावरची जाळी ओल्या गोणपाटाने झाकून मगच वेल्डिंगच्या परमिटवर सही करायची, हे मला एका म्हाताऱ्या फिटरने शिकवलं. सेफ्टीच्या वर्गात कुणी सांगितलं नव्हतं.

आता स्टॅटिक. टोल्युइन वीज जवळजवळ वाहूनच नेत नाही. पाइपातून, गाळणीतून, नळीतून ते धावतं तेव्हा घासून त्यात भार साचतो आणि साचलेला भार लवकर निघून जात नाही. वाफ पेटवायला जी ठिणगी लागते ती इतकी लहान, की हिवाळ्यात दाराच्या कडीला बोट लागून बसतो तो चटकाही तिच्या अनेक पट मोठा असतो. दमट हवेने कपड्यांवरचा, टेबलावरचा, कागदावरचा भार उतरतो हे खरं. पण ड्रममधल्या द्रवाच्या पोटातला भार बाहेरच्या दमट हवेने कसा उतरणार? टोल्युइनमध्ये पाणी विरघळतच नाही म्हटलं तरी चालेल.

हे मला कळलं २००३ च्या जुलैमध्ये. बाहेर पाऊस असा, की शेडच्या पागोळ्यांपलीकडचं दिसत नव्हतं. आमच्यातला एक जण टाकीच्या खालच्या व्हॉल्व्हला प्लॅस्टिकची बादली अडकवून टोल्युइन काढत होता. तारेची कडी असलेली, घरात असते तशी बादली. अर्धी भरली असेल. कडी सोडवायला त्याने हात घातला आणि 'टक्' असा एवढासा आवाज झाला. प्लॅस्टिकमुळे जमिनीपासून तुटलेली ती कडी भार साठवून बसली होती, त्याच्या बोटाकडे तिने ठिणगी टाकली. पुढे बादली पेटली, त्याने ती फेकली, आणि मनगटापासून कोपरापर्यंतचा त्याचा हात भाजला. फोमचा सिलिंडर शेजारीच होता म्हणून टाकीपर्यंत गेलं नाही. विडी नव्हती, काडी नव्हती, मोबाइलही नव्हता.

म्हणून प्लॅस्टिकची बादली, प्लॅस्टिकचा मग, साधी प्लॅस्टिकची नळी यातलं काही टोल्युइनजवळ आणायचं नाही. लोखंडी ड्रम, आतून तार असलेली नळी, आणि दोघांना जोडणारी केबल. टाकी, नळी, ड्रम हे सगळं एकमेकांना आणि जमिनीला बांधलेलं हवं. ड्रम लाकडी पॅलेटवर उभा असेल तर तो जमिनीपासून तुटलेलाच समजा. वरून धार सोडायची नाही. डिप पाइप ड्रमच्या तळाला टेकवायचा, आणि त्याचं तोंड बुडेपर्यंत व्हॉल्व्ह हलकाच उघडायचा, द्रव सेकंदाला एक मीटरहून जोरात जाता कामा नये. भरून झाल्यावर लगेच माप घ्यायची पट्टी आत घालू नका, थोडा वेळ जाऊ द्या.

आपल्या भागातली एक गोष्ट बाहेरून आलेल्या इंजिनियरांच्याही लवकर लक्षात येत नाही. खाली सगळा जांभा आहे, कातळ. पावसात अर्थ पिट, म्हणजे भार जमिनीत सोडायचा खड्डा, उत्तम चालतं. एप्रिल-मेमध्ये कातळ भाजून सुकतो आणि तेच पिट नावाला उरतं. मीठ-कोळसा भरलेल्या पिटमध्ये उन्हाळाभर बादलीने पाणी घालायचं काम आम्ही पाळीने वाटून घेतलं होतं. दुसरं म्हणजे खारी हवा. केबल ड्रमला पकडणाऱ्या क्लॅम्पचे दात गंजतात, अर्थिंगच्या पट्टीचे बोल्ट गंजतात, एफएलपी (आतली ठिणगी बाहेरची वाफ पेटवू न देणाऱ्या) दिव्यांच्या झाकणांचेही. क्लॅम्प लावलेला दिसतो, पण खाली गंज आणि रंग असतो, धातूला धातू लागलेलाच नसतो. मीटर लावून बघायला सांगा. दहा ओहमच्या आत असेल तर ठीक.

पुढे प्लांटवर घेतलं, तर एक दृश्य दिसेलच: रिअ‍ॅक्टरमध्ये टोल्युइन आहे, मॅनहोल उघडं आहे, आणि कुणीतरी प्लॅस्टिकच्या पिशवीतून पावडर झटकून आत ओततंय. या धंद्यातल्या कितीतरी आगी नेमक्या या झटक्यात लागतात. नायट्रोजन नसेल तर ती पिशवी तुम्ही हातात घेऊ नका, हेल्पर असलात तरी.

रिकाम्या ड्रमचं मुद्दाम सांगतो, कारण ते गावात येतात. मे महिन्यात पाणी साठवायला, काजू भाजायला, पाणी तापवायला लोक ड्रम मागतात आणि ग्राइंडरने किंवा गॅसने कापतात. दोनशे लिटरच्या ड्रममध्ये स्फोटाइतकी वाफ व्हायला किती टोल्युइन पुरतं? साधारण दहा मिलिलिटर, चहाचे दोन चमचे. 'रिकामा' म्हणतो त्या ड्रमच्या कडेला एवढं राहतंच. ड्रमचं झाकण उडून माणूस गेल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. कापायचा ड्रम कारखान्यातून उचलूच नका.

वासाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पहिल्या महिन्यात हाच घोळ होतो. पहिल्या दिवशी नाकात बसतो, पंधरा दिवसांनी येईनासा होतो. टोल्युइन कमी झालेलं नसतं, नाक थकलेलं असतं. डोकं जड होणं, चक्कर, दारू न पिता झिंगल्यासारखं वाटणं ही त्याची खूण. फॅक्टरी अ‍ॅक्टच्या परिशिष्टात आठ तासांच्या सरासरीची मर्यादा १०० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) दिली होती. एसीजीआयएच ही अमेरिकी संस्था २० म्हणते. ५०० पीपीएमला जिवाचा धोका धरतात. आता गंमत बघा: गॅस मीटरवर पाच टक्के एलईएल (पेट घ्यायच्या खालच्या मर्यादेचे पाच टक्के) दिसलं, की आमच्याकडे 'सेफ आहे' म्हणत. आगीपुरतं ते खरं. पण १.२ टक्के म्हणजे १२,००० पीपीएम, त्याचे पाच टक्के ६००. मीटर हिरवा आणि आत उतरलेला माणूस आडवा. टाकीत उतरायचं तर एअरलाइनच (बाहेरची हवा नळीने देणारा मास्क) लागते, कार्ट्रिजचा मास्क चालत नाही. आणि आत कुणी पडला तर त्याला काढायला लगेच मागून उडी घालायची नाही. टाकीत दुसरा माणूस मरतो तो बहुतेक असाच.

नळी तोंडाने ओढून सायफन करायचा नाही. घोटभर चुकून पोटात गेलं तर उलटी करवायची नाही, ते फुप्फुसात उतरलं तर जास्त वाईट. सरळ दवाखान्यात न्यायचं. हाताचं ग्रीस टोल्युइनने धुऊ नका, साबण घ्या. अंगावर सांडलं तर कपडे ओढून काढण्याआधी शॉवरखाली उभे राहा. सुके कपडे ओढताना त्यांच्यावरही ठिणगी होते.

पाऊस तोंडावर आहे म्हणून आणखी एक. टोल्युइन पाण्याहून हलकं असतं, इतकं की भरलेला बंद ड्रमही पाण्यावर तरंगतो. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी कुठवर चढलं होतं ते तुम्हाला सांगायला नको. लोटे उंचावर आहे, पण नदीकाठच्या गोदामात ड्रम ठेवायची वेळ आली तर ते बांधून ठेवायला सांगा. आणि आग लागली तर पाण्याचा फवारा मारू नका. जळतं टोल्युइन पाण्यावर स्वार होऊन पन्हळीतून बाहेर जातं. फोम किंवा डीसीपी (आग विझवायची कोरडी पावडर) वापरा.

कायद्याच्या लेखी टोल्युइन हे पेट्रोलियमच, फ्लॅश पॉइंट २३ अंशांच्या खाली म्हणून 'अ' वर्गातलं. ३० लिटरच्या वर साठा ठेवायचा तर परवाना लागतो, तो देणाऱ्या सरकारी खात्याचं मुख्य कार्यालय नागपूरला. तुमच्या कारखान्याकडे तो असेलच. तुम्ही स्टोअरमधून एसडीएस (रसायनाच्या सुरक्षेचं माहितीपत्रक) मागून घ्या, मराठीत नसेल तर सुपरवायझरकडून वाचून घ्या.

भरायच्या जागी डिप पाइप आहे की वरून धार सोडतात, आणि क्लॅम्प कसला आहे, दातांचा की साध्या चिमट्यासारखा, तेवढं बघून इथेच खाली लिहा. त्यावरून पुढचं सांगतो.