पहिल्या फोनलाच पोटात गोळा येतो तेव्हा

"मॅडम, मला माणसं ओळखताच येत नाहीत," खुर्चीत नीट टेकण्याआधीच ताई म्हणाल्या. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. पर्वरी ते म्हापसा या पट्ट्यात त्या घरांच्या साफसफाईची कामं घेतात. हाताखाली तिघी बायका. महिनाभर झोप उडाली होती आणि फोन वाजला की छातीत धडधडायचं.

निमित्त होतं पावसाळाभर बंद असलेल्या एका फ्लॅटचं. मालक गोव्याबाहेर राहणारे, ऑक्टोबरात आलेले. इथे जून ते सप्टेंबर बंद राहिलेलं घर उघडलं की काय दिसतं ते गोवेकरांना सांगायला नको: भिंती, गाद्या, कपाटाच्या आतल्या फळ्या, चामड्याच्या चपला, सगळीकडे बुरशी. तिघींनी दोन दिवस घासून घर लख्ख केलं. दहा दिवसांनी फोन आला. "बुरशी परत आली. काम नीट झालेलं नाही, उरलेले पैसे मिळणार नाहीत." भिंतीला बाहेरून चीर होती, ओल आत मुरत होती. ती वाट बंद होऊन भिंत वाळेपर्यंत कितीही पुसलं तरी बुरशी येणारच. ताईंना हे पक्कं ठाऊक होतं. तरी त्यांनी बायकांना पुन्हा फुकट पाठवलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांच्यातली सगळ्यात जुनी बाई म्हणाली, "बाय, त्या घरी मी जाणार नाही." ताई आल्या त्या या वाक्यामुळे.

त्रास देणारं गिऱ्हाईक आधीच ओळखायचं कसं, हा प्रश्न मला शिवणकाम करणाऱ्या, डबे देणाऱ्या, शिकवण्या घेणाऱ्या अशा कितीतरी जणी विचारतात. ताईंना मी उत्तर दिलं नाही, वही दिली. वर्षभरात मनस्ताप झालेली कामं लिहा, आणि प्रत्येकापुढे पहिल्या फोनवर काय बोलणं झालं तेवढंच लिहा.

सहा नावं आली. "घर बघायला कशाला येता, दोन तासांचं तर काम आहे." "याआधीच्या तिन्ही बायका चोर निघाल्या." "आत्ता कमी घ्या, पुढे दहा घरं मिळवून देईन." कामाला माणसं गेल्यावर हळूच गॅलरी आणि पंखे वाढवणाऱ्याने फोनवर खोल्या किती तेच धड सांगितलं नव्हतं. फ्लॅटवाल्यांचं बोलणं तर सगळ्यात गोड: "तुम्ही अगदी घरच्यासारख्या वाटता, मध्ये आगाऊ पैशांचा विषय कशाला?"

"हे ऐकताना काय वाटलं होतं?" मी विचारलं.

"पोटात गोळा आला होता."

सहांपैकी पाच फोनांना तो गोळा आलेला होता. म्हणजे माणसं त्यांना नीट ओळखता येत होती. कळलेलं त्या स्वतःच दाबून टाकत होत्या. का, यावर आम्ही बराच वेळ बसलो. चालून आलेल्या लक्ष्मीला नाही म्हणू नये, हे आईचं वाक्य त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं. नकार दिला तर माज आला म्हणतील, ही धास्ती वेगळीच.

सहावं नाव फोंड्याच्या एका आजींचं होतं. जुनं घर, मोझेकची फरशी. आजी कामभर पाठीमागे लक्ष ठेवून उभ्या. "ॲसिडची बाटली आणाल तर दारातूनच परत जाल," हे त्यांनी फोनवरच बजावलेलं, आणि ते बरोबरच आहे, कारण त्या फरशीतलं सिमेंट आणि संगमरवराचे तुकडे ॲसिडने खाल्ले जातात. देवघराला हात लावायचा नाही, हेही आधीच सांगितलेलं. काम संपताच मोजून पैसे, तिघींना चहा. "ठरल्याबाहेरचं त्यांनी काय मागितलं?" मी विचारलं. ताई बराच वेळ वहीकडे बघत राहिल्या, मग त्यांनी ते नाव स्वतःच खोडलं. माझ्या मते आमच्या सगळ्या भेटींतला हा सर्वांत मोलाचा क्षण. आजींच्या अटी कामाआधी आल्या होत्या, बाकी पाचांच्या नंतर.

पुढे सराव केला. मी गिऱ्हाईक झाले. ताई दर सांगायच्या आणि मी काही बोलायच्या आतच म्हणायच्या, "पण करू की कमीजास्त." सहासात वेळा असं झालं. मग एकदा त्या दर सांगून गप्प राहिल्या. हात थरथरत होते. आता त्यांचं बोलणं ठरलेलं आहे: घराचा व्हिडिओ पाठवा, भिंतींची ओलही दाखवा, उद्या सकाळी दर लिहून कळवते, निम्मे पैसे काम सुरू होण्याआधी. भिंतीतून येणाऱ्या ओलीची हमी नाही, हे त्या लेखी देतात. फोनवर तिथल्या तिथे हो म्हणत नाहीत.

एका गोष्टीसाठी मात्र मी सरावबिराव ठेवला नाही. एक गृहस्थ घरचे बाहेर असताना "त्याच धाकट्या मुलीला पाठवा, एकटीला" म्हणत होते. तिथे रात्रभर विचार करायचा नाही, काम त्याच क्षणी बंद. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा घराच्या चार भिंतींनाही लागू आहे, आणि घरकामगार बाईला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. ताईंना हे माहीत नव्हतं. त्यांनी ते तिघींना समोर बसवून सांगितलं.

डिसेंबरात, पाहुण्यांसाठी व्हिला तयार करून देण्याचा फोन आला. ताईंनी व्हिडिओ मागितला, तो आलाच नाही. गेलेली रक्कम त्या दोन दिवस मनात मोजत राहिल्या, असं त्यांनी मला सांगितलं. फ्लॅटचे उरलेले पैसे अजून यायचे आहेत. मागणीचा मेसेज लिहून तयार आहे, पाठवलेला नाही. गुरुवारच्या भेटीत त्या तो मला मोठ्याने वाचून दाखवणार आहेत.