बेसिन तुंबतं, बाथरूमच्या जाळीतून गुडगुड येते, प्लंबर म्हणतो फरशी फोडा. काय करू?

तुम्ही लिहिलंय की बेसिनचं पाणी हळू जातं, फ्लश केला की बाथरूमच्या जाळीतून गुडगुड आवाज येतो आणि प्लंबरने एक नजर टाकून सांगितलं "भैया, पूरा फर्श तोड़ना पड़ेगा". थांबा हो जरा. आधी बाहेरचं चेंबर (घराबाहेरचा ड्रेनेजचा झाकण असलेला खड्डा) उघडा, फरशीचं नंतर बघू.

मी पण इंदूरचाच, सुदामानगरला जुनं घर आहे, आणि हेच सगळं आमच्याकडे झालं तेव्हा मी दोन महिने नुसता अ‍ॅसिडच्या बाटल्या ओतत बसलो होतो, बायको म्हणत होती बाहेर बघा बाहेर बघा, पण ऐकतो कोण.

एकच जागा तुंबत असेल तर दोष तिथलाच असतो. बेसिन असेल तर खालचा बॉटल ट्रॅप (पाइपला लावलेली बाटलीसारखी वाटी) बादली लावून हाताने खोला, केस आणि साबणाचा काळा गाळ निघेल, बोअरचं पाणी असेल तर जास्तच. किचनच्या सिंकमध्ये तूप-तेल, ते थंडीत पाइपमध्ये गोठून बसतं. पण तुमच्याकडे दोन जागा आणि वर गुडगुड, म्हणजे जिथे दोन्ही पाणी एकत्र होतं त्याच्या पुढे कुठेतरी अडलंय. पाणी पुढे सरकत नाही म्हणून पाइपमधली हवा जवळच्या जाळीतून बाहेर पडते, तोच तो आवाज. गच्चीवरचा व्हेंट पाइप (ड्रेनेजची हवा जायचा) पण बघून घ्या, कबुतरांनी घरटं केलं असेल तरी गुडगुड होते, पण मग पाणी एवढं तुंबत नाही.

आता चेंबर. झाकण काढा (घरात कुणाला तरी उभं करा) आणि दोन-तीनदा फ्लश करायला सांगा. चेंबर आधीच काठोकाठ भरलेलं असेल तर चोक त्याच्या पुढे आहे. कोरडं आहे आणि घरात पाणी उभं आहे, तर घर ते चेंबर मधल्या तुकड्यात. पाणी येतंय पण बारीक धार, तर पाइप अर्धवट भरलाय. दोन चेंबर असतील तर दोन्ही उघडा, एक भरलेलं आणि पुढचं रिकामं असेल तर रोग त्या दोघांच्या मध्ये. शेवटचं पण भरलेलं असेल तर बहुतेक निगमची (महापालिकेची) लाईन, त्यांच्या ३११ अ‍ॅपवर तक्रार टाका, तुमच्या खिशातून एक रुपया घालू नका.

आमचं पहिलं भरलेलं, दुसरं कोरडं, आणि मध्ये आजोबांनी लावलेला कडुलिंब! आपल्या माळव्याची काळी माती उन्हाळ्यात फाटते नि पावसाळ्यात फुगते, जुन्या चिनी मातीच्या पाइपांचे सांधे त्यात सरकतात आणि ओल्याच्या वासाने मुळं आत घुसतात. पाइप साफ करायची लांब स्प्रिंग घातली तर बाहेर केसांच्या अंबाड्याएवढा मुळांचा गुंता आला. चार महिन्यांनी परत तेच, मग अंगणातला तेवढाच तुकडा खणून ११० एमएमचा पीव्हीसी पाइप टाकला, उतार नीट धरून, म्हणजे साधारण ४० फुटांत १ फूट. घरातल्या एकाही फरशीला हात लावला नाही.

हे फक्त जोराचा पाऊस आला की होत असेल तर गोष्ट वेगळी, गच्चीचा पावसाच्या पाण्याचा पाइप ड्रेनेजला जोडलेला आहे का ते बघा, बऱ्याच घरांत असतो आणि लाईन त्यानेच भरते.

अ‍ॅसिड ओतलं असेल तर प्लंबरला आधी सांगा, बिचाऱ्याच्या तोंडावर उडेल. त्यावर ब्लीचिंग किंवा कॉस्टिक तर चुकूनही नको, ब्लीचिंगने क्लोरिन गॅस निघतो. आणि चेंबरमध्ये डोकं घालू नका, माणूस तर उतरवूच नका, आतला गॅस दोन मिनिटांत मारतो, सेफ्टीशिवाय कुणाला उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा पण आहे. बांबूच्या खपच्या (चिरलेल्या लांब पट्ट्या), स्प्रिंग, नाहीतर जोराने पाणी मारणारं जेटिंग मशीन, सगळं वरूनच.

एवढं करून चोक खरंच घराच्या आतच निघाला तर फोडायच्या आधी पाइपमध्ये कॅमेरा घालणारा माणूस शोधा, नेमकी कुठली टाइल ते कळतं. उद्या चेंबर उघडून काय दिसलं ते खाली लिहा, मग पुढचं सांगतो.