पदवी मिळाली, पण या वयात नोकरी कोण देणार?

चाळिशीनंतर पुन्हा शिकायला सुरुवात केलेली माणसे माझ्याकडे नोकरीविषयीच्या सल्ल्यासाठी बहुधा निकालानंतरच्या काही महिन्यांत येतात. शिकत असताना परीक्षेची तारीख समोर असते, घरी कौतुक असते. निकाल हाती आला की दोन्ही ओसरतात आणि अर्जांना उत्तरच न येण्याचा काळ सुरू होतो. ‘मुलांच्या वयाच्या उमेदवारांसमोर माझा काय निभाव लागणार?’ हा प्रश्न तेव्हा बोचू लागतो. त्याविषयी नाशिकच्या एका बाईंची हकीकत सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

त्यांचे लग्न बारावीनंतर लगेच झाले. धाकटा मुलगा दहावी झाल्यावर त्यांनी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात बी. कॉम.ला प्रवेश घेतला, सेहेचाळिसाव्या वर्षी पदवी मिळवली आणि जोडीला टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा वर्गही केला. त्यानंतर दिसेल त्या जाहिरातीला अर्ज पाठवले, पण कुठूनही बोलावणे आले नाही. “मॅडम, जन्मतारीख वाचली की अर्ज बाजूला पडतो,” असे त्या म्हणाल्या.

वयाची अडचण कुठे खरी आहे आणि कुठे केवळ धास्ती आहे, हे आधी वेगळे करणे मला आवश्यक वाटले. शेजारच्या एकीने त्यांना स्पर्धा परीक्षेच्या वर्गाला जाण्याचा सल्ला दिला होता. राज्य शासनाच्या सरळसेवा भरतीत सर्वसाधारणपणे खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ वर्षांची कमाल मर्यादा असते, म्हणजे तो मार्ग त्यांच्यासाठी बंद होता. हे ऐकून त्या हिरमुसल्या. परंतु पात्रता न तपासता वर्गाची फी भरून वर्ष घालवलेल्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत, त्यामुळे हे स्पष्ट सांगणे मला माझे कर्तव्य वाटते. मुक्त विद्यापीठाच्या पदवीला किंमत नसते, ही त्यांची दुसरी भीती मात्र निराधार होती. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता असलेल्या अभ्यासक्रमाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची मानली जाते.

मग आम्ही त्यांचा बायोडाटा पाहिला. त्यात वैवाहिक स्थिती होती, छंद होते आणि ‘अनुभव’ या रकान्यापुढे ‘नाही’ असे लिहिले होते. बोलता बोलता कळले की वस्तीतल्या महिला बचत गटाचे हिशेब त्या कित्येक वर्षे लिहीत होत्या. दरमहाची वर्गणी, सभासदांना दिलेली अंतर्गत कर्जे, त्यांवरचे व्याज, बँकेच्या पासबुकाशी मेळ, हे सारे त्यांच्या हस्ताक्षरात वह्यांमध्ये होते. “त्यात काय मॅडम, ते तर आपलं गटाचं काम,” असे त्या म्हणाल्या. पगार मिळाला नाही म्हणून ते काम अनुभवात धरायचे नाही, ही समजूत मला फार अन्यायकारक वाटते, आणि ती बहुतेक वेळा उमेदवाराची स्वतःचीच असते. बायोडाट्यात पदवीच्या खालोखाल आम्ही हेच काम तीन ओळींत मांडले.

अर्ज कुठे करायचा, हेही बदलले. मोठ्या कंपन्यांच्या नवख्यांसाठीच्या जागांऐवजी करसल्लागारांची छोटी कार्यालये, पतसंस्था, घाऊक व्यापारी आणि गृहनिर्माण संस्थांचे हिशेब पाहणारे लोक यांची यादी केली. जीएसटी आल्यापासून, म्हणजे जुलै २०१७ पासून, अशा कार्यालयांत दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेपूर्वी विवरणपत्रांची धांदल असते. तिथे काम शिकून लगेच सोडून जाणाऱ्यापेक्षा टिकणारी, नोंद न चुकवणारी व्यक्ती मालकाला हवी असते. त्यांनी दिरांच्या हार्डवेअरच्या दुकानाची एका महिन्याची बिले, दिरांच्या परवानगीने, टॅलीत भरून तेरीजपत्रक, म्हणजे सर्व खात्यांच्या शिलकांचा ताळा (ट्रायल बॅलन्स), तयार केले आणि मुलाखतीला ते सोबत नेण्याचे ठरवले.

मुलाखतीच्या सरावाला सर्वांत जास्त वेळ लागला. ‘इतकी वर्षे काय करत होता?’ असे विचारताच त्या सासूबाईंच्या आजारपणापासून सुरुवात करून क्षमा मागितल्यासारखे बोलत. ते उत्तर आम्ही दोन वाक्यांवर आणले: घरची जबाबदारी होती, ती आता हलकी झाली आहे, त्या काळात गटाचे हिशेब पाहिले आणि पदवी पूर्ण केली. मालक सहसा उघड विचारत नाहीत अशा शंकांचाही विचार केला. वयाने लहान वरिष्ठाने चूक दाखवली तर ही बाई दुखावेल का, नवे सॉफ्टवेअर शिकेल का, घरी पाहुणे आले की रजा घेईल का? यांची उत्तरे प्रश्नाची वाट न पाहता, सहज बोलण्यात देता येतात.

दोन ठिकाणी नकार मिळाला. तिसऱ्या ठिकाणी, एका करसल्लागाराने त्यांच्याकडून खरेदीच्या बिलांच्या नोंदी करून घेतल्या आणि तीन महिन्यांच्या परीक्षाकाळावर त्यांना ठेवले. पगार अपेक्षेपेक्षा कमी होता. “एवढ्याशा पैशांसाठी कशाला?” असे यजमान म्हणाले. पहिल्या नोकरीत शिकायला काय मिळते, याला मी पगाराइतकेच वजन देते. तरीही कामाची वेळ, उशिरा थांबण्याचे दिवस आणि तीन महिन्यांनंतरची पगारवाढ या गोष्टी रुजू होण्यापूर्वी लेखी घ्याव्यात, असा आग्रह मी धरला. त्यांनी संकोच बाजूला ठेवून तसे पत्र मागितले आणि त्यांना ते मिळाले. पुढे त्या कायम झाल्या, ठरलेली वाढही मिळाली. आता खरेदीच्या नोंदी जीएसटीआर-२बीशी, म्हणजे विक्रेत्यांनी भरलेल्या विवरणपत्रांवरून जीएसटी पोर्टलवर आपोआप तयार होणाऱ्या तपशिलाशी, जुळवण्याचे काम त्या शिकत आहेत, आणि ते त्यांना शिकवणारा सहकारी चोवीस वर्षांचा आहे.