घरी मुंग्या पाळायच्यात, सुरुवात कुठून करू?

तुमचा प्रश्न असा आहे: आठवीतल्या मुलाला मुंग्या पाळायच्यात, ऑनलाइन जेलचं किट दिसतंय, ते घ्यावं का, आणि मुंग्या घरभर झाल्या तर काय करायचं.

किट घेऊ नका. त्यात सोडायला बाहेरून पकडून आणलेल्या मुंग्या सगळ्या कामकरी असतात. राणीशिवाय नव्या कामकरी जन्माला येत नाहीत, त्यामुळे काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत एकेक करून त्या संपतात. मुलाला मुंग्यांचा संसार बघायचाय आणि त्याच्या हाती रिकामा होत जाणारा डबा येतो. मला ते पटत नाही.

सुरुवात एका राणीपासून करा. मी सांगलीत गेली सहा वर्षं मुंगळे पाळतेय. आमच्याकडे त्यांना डोंगळे म्हणतात, शास्त्रीय नाव कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. नवशिक्याला हीच मुंगी घ्यायला सांगेन. आकाराने मोठी, त्यामुळे भिंग न लावता सगळं दिसतं. चावते जोरात, पण नांगी नाही. आणि हिची राणी कुणाच्या मदतीशिवाय घर मांडते.

राणी विकत घ्यायची नसते, शोधायची असते. वळवाच्या सरी आणि जूनचा पहिला पाऊस झाला की संध्याकाळी पंखवाल्या राण्या आणि नर उडतात. दुसऱ्या दिवशी अंगणात, जिन्याखाली, दिव्याच्या खांबाजवळ पंख टाकलेल्या राण्या घाईघाईने बीळ शोधत फिरताना दिसतात. दीड सेंटिमीटरहून मोठी, छाती फुगीर, त्यावर पंख तुटल्याच्या खुणा. त्याच दिव्यांवर वाळवीचे पंखवाले किडेही येतात, त्यांच्याशी गल्लत करू नका. वाळवीचे चारही पंख सारखे आणि कंबर जाड. मुंगीची कंबर बारीक, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या, पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे.

आता नळी. प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानात काचेची परीक्षानळी मिळते. तिसरा हिस्सा पाणी भरा, कापसाचा बोळा पाण्याला टेकेपर्यंत घट्ट सारा, राणीला आत सोडा आणि तोंडाला दुसरा बोळा लावा. नळीला काळा कागद गुंडाळून कपाटात ठेवा, जिथे दार आपटणार नाही, मिक्सरची थरथर पोचणार नाही.

खायला काही द्यायचं नाही. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण माझी पहिली राणी यातच गेली. महिनाभर उपाशी कशी राहील, म्हणून मी नळीत मधाचा थेंब ठेवला. रात्रीत स्वयंपाकघरातल्या बारीक लाल मुंग्या कापसातून आत शिरल्या. सकाळी राणी उताणी पडली होती आणि तिची पांढरी अंडी तोंडात धरून त्यांची रांग कपाटाच्या कडेने चालली होती. ती रांग अजून डोळ्यांसमोर येते. पंख गळाल्यावर राणीला उडायचे स्नायू लागत नाहीत. तेच विरघळवून, पोटातल्या चरबीची जोड देऊन ती स्वतः जगते आणि पहिल्या पिल्लांनाही भरवते. तेव्हापासून माझ्या नळ्या पाण्याच्या ताटलीत, मधोमध वाटीवर असतात.

आठवड्यातून एकदाच, लाल कागद लावलेल्या बॅटरीने बघा. रोज उचलून बघितलं तर राणी घाबरून स्वतःची अंडी खाते. मुलाला हे सगळ्यात जड जाईल, म्हणून त्याला वही द्या आणि रविवार ठरवून द्या. अंडी, मग अळ्या, मग पिवळसर कोष. कोषाच्या एका टोकाला काळा ठिपका दिसला तर बिघडलं समजू नका, ती आतल्या अळीने टाकलेली घाण असते. माझ्याकडे अंड्यापासून पहिल्या कामकरीपर्यंत सहा-सात आठवडे लागले. राणीने कोषाचं टोक जबड्याने फाडलं, आतून फिकट, जवळजवळ मधाच्या रंगाची मुंगी लटपटत बाहेर आली, आणि राणी तिला चाटत राहिली. या पहिल्या कामकरी नेहमीपेक्षा बारीक असतात, कारण एकट्या आईच्या अंगात पुरवायला तेवढंच असतं.

त्या आल्या की खाणं सुरू. साखरपाण्यात भिजवलेला कापसाचा छोटा तुकडा, आणि दोन-तीन दिवसांआड एखादा किडा. बॅटने मारलेला डास उत्तम, त्याला औषध लागलेलं नसतं. फवारणीने मेलेलं झुरळ चुकूनही नको. बाहेरून खाऊन आलेल्या मुंगीचं पोट ताणलं जातं, काळ्या पट्ट्यांच्या मधे फिकट रेघा उमटतात, आणि ती तोंडाला तोंड लावून दुसरीला भरवते. एका पोटातलं पाच-सहा जणींपर्यंत पोचताना बघितलंत तर तास कसा गेला कळणार नाही.

वीस-पंचवीस मुंग्या होईपर्यंत मोठं घर नको. नंतर प्लॅस्टिकच्या डब्यातच नळी आडवी ठेवायची. पाणी आटत आलं की शेजारी नवी नळी ठेवून जुनीवरचा कागद काढा, उजेड नको म्हणून त्या आपणहून पिल्लं घेऊन हलतात. तुमच्या भीतीवर उपाय असा: टाल्कम पावडर मेडिकलमधल्या स्पिरिटमध्ये कालवून डब्याच्या आतल्या वरच्या कडेला बोटभर पट्टी लावायची आणि पूर्ण वाळू द्यायची. पाय घसरतात, चढता येत नाही. दमट दिवसांत पट्टी गळून पडते, तेव्हा पावसाळ्यात पंधरा दिवसांनी पुन्हा लावा आणि झाकणही ठेवा.

बाहेरच्या कामकरी आणून यात मिसळू नका. प्रत्येक वसाहतीचा वास वेगळा, वेगळ्या वासाची मुंगी दिसली की त्या जीव घेतात.

परदेशी मुंग्या तर मागवूच नका. 2025 च्या एप्रिलमध्ये केनियात सुमारे 5,000 मुंग्या नळ्यांत भरून नेणारे दोन तरुण पकडले गेले. या हौशीसाठी लोक जंगलं ओरबाडतात, आणि परकी मुंगी सुटली तर इथल्या मुंग्यांवर उठते ते वेगळंच.

शेवटी मुलाशी एक बोलून घ्या. राण्या फार जगतात. युरोपातल्या काळ्या बागमुंगीची पाळलेली राणी 28 वर्षांहून जास्त जगल्याची नोंद आहे. आपला मुंगळा इतका जगेल असं मी म्हणत नाही, पण दहावीच्या वर्षीही डबा घरात असेल असं धरून चला. नाहीच जमलं, तर जिथून राणी उचलली त्याच भागात, सावलीतल्या झाडाच्या बुंध्याशी नळी उघडी करून ठेवा. म्हणून राणी सापडेल त्या दिवशी वहीच्या पहिल्या पानावर जागा आणि तारीख लिहून घ्या.