दुखतंय म्हटलं तर खेळ बंद

"ताई, फुटबॉल सोड म्हणून तुम्हीच सांगा हिला." विश्रामबागेतून आलेल्या आई खुर्चीत टेकायच्या आतच म्हणाल्या. कोल्हापुरातल्या त्यांच्या भाचीच्या गुडघ्यातला लिगामेंट तुटला होता. मिरजेत ऑपरेशन झालं, नऊ महिने मैदान बंद. "मुलीची जात, पाय अधू राहिला तर?" नववीतली लेक बुटांच्या पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत गप्प बसलेली.

ही भीती मी हसण्यावारी नेत नाही, कारण ती खोटी नाही. फुटबॉलमध्ये मुलींना एसीएलची, म्हणजे गुडघा स्थिर ठेवणाऱ्या मुख्य लिगामेंटची, दुखापत मुलांपेक्षा साधारण दोन-तीन पट जास्त होते. बहुतेकदा कुणाची धडकही लागलेली नसते. पळताना एकदम थांबायचं, वळायचं किंवा उडीवरून एका पायावर यायचं, आणि नेमका तेव्हाच गुडघा आत झुकतो.

गुडघ्यातलं मला फार कळत नाही, म्हणून फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीला बोलावलं. तिनं मुलीला पायरीवरून उडी मारायला सांगितली. धप्प! पाय ताठ, गुडघे एकमेकांकडे. "आता आवाज न करता ये. गुडघे वाकव आणि पावलांच्या रेषेत ठेव." पाच-सहा खेपांनंतर आवाज बराच कमी झाला. आई टक लावून बघत होत्या.

मग मी त्यांना स्वीडनमधला 2012 सालचा अभ्यास सांगितला. 12 ते 17 वर्षांच्या साडेचार हजारांवर फुटबॉलपटू मुली होत्या. त्यातल्या निम्म्या संघांनी आठवड्यातून दोनदा सरावाआधी 15 मिनिटं एका पायावरची बैठक, लंज, प्लँक, कंबर उचलणं, उडी मारून नीट उतरणं असले व्यायाम केले. त्या संघांत एसीएलच्या दुखापती 64 टक्क्यांनी कमी झाल्या. शून्य नाही झाल्या, हेही सांगितलं. खोटी हमी दिली की आई पुन्हा येत नाहीत.

पण खरी गोष्ट आई बाहेर गेल्यावर कळली. लेक म्हणाली, "उजवा गुडघा महिनाभर दुखतोय. घरात सांगितलं की बूट माळ्यावर जातील." म्हणजे भीतीपोटी घरानं केलेली तंबीच दुखणं लपवायला शिकवत होती! मला हे गुडघ्यापेक्षा जास्त काळजीचं वाटलं.

तिच्या परवानगीनं आईंना आत बोलावलं आणि दोघींमध्ये ठराव केला. दुखलं तर त्याच दिवशी सांगायचं. सांगितलं म्हणून खेळ कायमचा बंद नाही, तपासणी होईपर्यंत विश्रांती. व्यायाम चुकवायचे नाहीत. सरावाआधी हे व्यायाम घ्यावेत म्हणून फुटबॉलच्या सरांना आईंनीच भेटायचं ठरलं. "वेळ जातो" म्हणत ते आधी कुरकुरले, मग तयार झाले.

परवा संध्याकाळी आईंचा फोन. "ताई, आज पुन्हा दुखतोय म्हणाली. स्वतःहून सांगितलं हो! पाठवू का सरावाला?"

"आज नको. उद्या सकाळी गुडघा दाखवून घ्या."

मागून लेकीचा आवाज आला, "आणि शनिवारची मॅच?"