पेटी येते पण स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) येत नाही, मिडीवर (कीबोर्डवरून कॉम्प्युटरला सूर कळवायची पद्धत) सिंफनी ऑर्केस्ट्रासाठी लिहायला शिकता येईल का?

येईल की. तुमच्याकडे लॅपटॉप आणि ४९ पट्ट्यांचा मिडी कीबोर्ड आहे म्हणताय, मी पण एवढ्यावरच सुरू केलं आणि मीही पेटीवालाच. घरी ऑर्केस्ट्रा शिकतोय सांगितलं तर आईला वाटलं गणपतीत जुनी गाणी वाजवणार, असो.

पहिले सहा महिने माझी व्हायोलिनं अगदी मेल्यासारखी वाजायची आणि मी नुसती व्हेलॉसिटी, म्हणजे पट्टी किती जोरात दाबली तो आकडा, वाढवत बसायचो. पियानोत पट्टी दाबली की त्या सुरावरचा ताबा जवळपास संपला, पण व्हायोलिन किंवा ट्रंपेटचा सूर लागल्यानंतरही फुगतो, मावळतो, आणि हे पेटीवाल्याला कुणी शिकवायला नको कारण आपण भात्यावर रोज तेच करतो. कीबोर्डच्या डाव्या बाजूला जे मॉड व्हील नावाचं चाक असतं ना, मिडीच्या भाषेत सीसी १ (कंट्रोल नंबर एक), ० ते १२७ फिरतं, बऱ्याच स्ट्रिंग लायब्रऱ्यांमध्ये (तंतुवाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या सुरांचे संच) तोच तुमचा भाता. उजवा हात पट्ट्यांवर, डावा भात्यावर, बसायची पद्धतसुद्धा तीच! हे कळलं त्या रात्री मी एकच सूर तासभर वाजवत होतो.

पण खरं शिकलो ते ग्रुपमुळे. आम्ही पाच जण आहोत, दर रविवारी एकमेकांना एमपीथ्री नव्हे, मिडी फाईल पाठवतो. मिडीत आवाज नसतोच, कुठला सूर कधी, किती जोरात, किती वेळ एवढंच असतं, त्यामुळे फाईल काही केबीची होते आणि समोरचा ती उघडून तुमची चूक नेमक्या बारमध्ये (आपल्या आवर्तनासारखा मात्रांचा छोटा तुकडा) बघतो. एकदा मी बासरीला सलग चौदा बार दिले, मध्ये एक फट नाही. आमच्यातले एक काका खरोखर बासरी वाजवतात, त्यांचा मेसेज आला, "अरे तुझा वादक नवव्या बारला गेला, कळव घरी." मग त्यांनी ग्रीग या नॉर्वेच्या संगीतकाराच्या 'पीअर गिंट'मधली सकाळची धून ऐकायला लावली. तिथे चार बार बासरी, पुढचे चार ओबो (जरा सनईसारखं फुंकवाद्य), परत बासरी. श्वास पण मिळतो आणि रंग पण बदलतो. कॉम्प्युटरला दम लागत नाही म्हणून हे एकट्याला कधी कळलंच नसतं.

लायब्ररीवर आत्ता पैसे घालू नका. म्युझस्कोअर ४ हे स्वरलिपी लिहायचं सॉफ्टवेअर आणि त्याचे म्युझ साउंड्स हे वाद्यांचे आवाज फुकट आहेत, भरपूर झालं. ऐंशी वाद्यांच्या मागे न लागता आधी दोन व्हायोलिन, व्हायोला, चेलो (हे दोन व्हायोलिनचे मोठे, खालच्या सुरातले भाऊ) एवढ्यावरच लिहा. मिडीत प्रत्येक सुराला एक नंबर असतो; व्हायोलिन ५५ च्या खाली जात नाही, व्हायोला ४८, चेलो ३६, हे कागदावर लिहून स्क्रीनला चिकटवा, कारण काही लायब्रऱ्या त्याखालचा सूरही मुकाट्याने वाजवतात आणि आपण फसतो. सूर उशिरा लागल्यासारखा वाटला तर ट्रॅकलाच (त्या वाद्याच्या पूर्ण ओळीला) थोडा मायनस डिले द्या, म्हणजे ती सगळी जरा आधी वाजेल, एकेक नोट सरकवत बसू नका.

नोटेशनचं म्हणाल तर पियानो रोलवर (सूर आडव्या पट्ट्यांनी दाखवणारी स्क्रीन) लिहायला सुरुवात होते, पण आयएमएसएलपी या वेबसाइटवर जुने स्कोअर (सगळ्या वाद्यांची एकत्र स्वरलिपी) फुकट पडलेले असतात आणि ते वाचता आले नाहीत तर फार चुटपुट लागते. क्लेफ म्हणजे कुठल्या रेघेवर कुठला सूर ते सांगणारी खूण; व्हायोलिनचा ट्रेबल क्लेफ मला दीड महिन्यात जमला. व्हायोलाचा आल्टो क्लेफ मात्र अजूनही बोटं मोजत वाचतो.